दोष कारखानदाराचा, भुर्दंड ग्राहकाचा?

एकच कंपनी, एकच लबाडी, मात्र ग्राहक दोन देशांतले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने फोक्सवॅगन या जर्मन कंपनीवर जाहीर ठपका ठेवला. कंपनीने डिझेल मोटारींमध्ये अशी संगणकीय प्रणाली बसवली होती की, मोटार तपासणीच्या यंत्रावर चढली आहे हे तिला आपोआप कळे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ होई. तीच मोटार रस्त्यावर उतरली की नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख मोटारी विकल्या गेल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. हा अपघाताने राहून गेलेला दोष नव्हता. तो ठाऊक असलेला, किंबहुना हेतुपुरस्सर बसवलेला दोष होता.

पुढे काय झाले? अमेरिकेत २०१६ साली सुमारे १४७० कोटी डॉलरची तडजोड झाली. ज्यांनी दोन लिटर इंजिनाच्या त्या मोटारी घेतल्या होत्या, त्यांना मोटार कंपनीला परत विकण्याचा पर्याय मिळाला. शिवाय वर ५१०० ते १०,००० डॉलर रोख मिळाले. भारतात त्याच कंपनीसमूहाने २०१५ च्या डिसेंबरात सुमारे सव्वातीन लाख मोटारी परत बोलावण्याची घोषणा केली. परत बोलावल्या म्हणजे विकत घेतल्या, असा कोणाचा समज असेल तर तो दूर केलेला बरा. मोटार कार्यशाळेत न्यायची, नवी संगणक आज्ञावली घालून घ्यायची आणि घरी परत यायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. अमेरिकन ग्राहकाला धनादेश आणि भारतीय ग्राहकाला दुरुस्तीची चिठ्ठी! या मोटारींपैकी कित्येक मोटारी आपल्या चाकण आणि तत्कालीन औरंगाबादच्या कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांचा धूर आपल्याच रस्त्यांवर पसरला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या न्यायातील विषमता अधिकच बोचते.

या विषमतेचे कारण काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. 'तो श्रीमंत देश आहे, तिथे असे होणारच' हे सोयीचे उत्तर आपण स्वतःला देत असतो. ते उत्तर सपशेल चुकीचे आहे.

जर्मनांनाही फुकट मिळाले नाही

हे उत्तर चुकीचे कसे, हे पाहायचे तर कंपनीच्या मायदेशाकडेच पाहावे. जर्मनी हा काही गरीब देश नव्हे. तरीही प्रकरण उघडकीस आल्यानंतर कित्येक वर्षे कंपनीने स्वतःच्या देशबांधवांना भरपाई देण्याचे नाकारले. अमेरिकेतला कायदा निराळा, इथे ग्राहकाचे काही नुकसानच झालेले नाही, असा तिचा पवित्रा होता. मग जर्मनीने सामूहिक दाव्यासाठी नवा कायदा केला. तो १ नोव्हेंबर २०१८ रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी तिथल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने फोक्सवॅगनविरुद्ध दावा गुदरला. लक्षावधी मोटारमालकांनी त्यात नावे नोंदवली. २०२० च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन ८३ कोटी युरोंपर्यंतची रक्कम देण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्याच वर्षी २५ मे रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की, कंपनीने ग्राहकाची हेतुपुरस्सर आणि नीतिबाह्य हानी केली आहे. ग्राहकाने मोटार परत करावी आणि वापरापुरती वजावट करून किंमत परत घ्यावी.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. कारखानदार ग्राहकाचे पारपत्र पाहून पैसे देत नाही. कायदा आणि संघटित ग्राहक या दोहोंचा रेटा जिथे एकत्र येतो तिथे तो देतो. जिथे येत नाही तिथे, अगदी स्वतःच्या घरीही, तो देत नाही.

आता भारताकडे वळू. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे 'एआरएआय'ने, त्या मोटारी रस्त्यावर चालवून तपासल्या, तेव्हा उत्सर्जन 'भारत स्टेज ४' च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट अधिक आढळले. कंपनीचे म्हणणे काय, तर भारतातले निकष प्रयोगशाळेतल्या तपासणीचे आहेत, रस्त्यावरच्या तपासणीचे नाहीत; सबब आम्ही कोणताही नियम मोडलेला नाही. परीक्षेच्या दिवशीच तेवढा अभ्यास केल्याचे सोंग आणणारा विद्यार्थी 'इतर दिवशी परीक्षा घेण्याचा नियम कुठे आहे?' असे विचारतो, त्यातलाच हा प्रकार! ७ मार्च २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. आणि हे ५०० कोटीसुद्धा पर्यावरणाच्या हानीपोटी होते. ज्याने 'स्वच्छ डिझेल' म्हणून जास्तीचे पैसे मोजले, त्या ग्राहकाच्या खिशाचा त्यात प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत ही लबाडी पकडली गेली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मूठभर संशोधकांच्या चिकाटीमुळे, आणि त्या चमूत भारतात जन्मलेले, भारतात शिकलेले तरुण अभियंते होते. म्हणजे दोष शोधणारी बुद्धी आपली. शोधाचे फळ मात्र आपल्या ग्राहकाला नाही. उणीव बुद्धीची नव्हे, व्यवस्थेची आहे.

माणसाच्या जिवाचा जमाखर्च

काही भाबड्या मंडळींना वाटते की, कंपनीला दोष कळला की ती तो आपणहून दुरुस्त करीत असेलच. शेवटी तिलाही नाव जपायचे असते. मोटार उद्योगाचा इतिहास या श्रद्धेला फारसा आधार देत नाही.

१९७० च्या दशकात फोर्ड कंपनीने अमेरिकी नियामकांसमोर एक टिपण ठेवले होते. मोटार उलटल्यावर इंधन गळून लागणाऱ्या आगीचा तो हिशेब होता. मोटारीमागे ११ डॉलरची सुधारणा केली तर एकूण खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. १८० मृत्यू, तितकेच भाजलेले जखमी आणि जळालेल्या मोटारी यांची किंमत केवळ ४ कोटी ९५ लाख डॉलर. या हिशेबात एका माणसाच्या जिवाची किंमत २ लाख डॉलर लावली होती. निष्कर्ष उघड होता : सुधारणा 'परवडत' नाही. त्याच कंपनीच्या 'पिंटो' मोटारीची इंधनटाकी मागून धडक बसताच फुटून पेट घेत असे. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने एका पोळलेल्या मुलाच्या खटल्यात १२ कोटी ५० लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड कंपनीवर बसवला. न्यायाधीशांनी तो पुढे ३५ लाखांवर आणला हे खरे. परंतु त्याच वर्षी सुमारे १५ लाख मोटारी परत बोलावण्याची उपरती कंपनीला झाली, हेही तितकेच खरे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर २०१४ साल समोर उभे राहते. जनरल मोटर्सच्या 'कोबाल्ट' वगैरे लहान मोटारींतील किल्लीचा स्विच इतका सैल होता की, गुडघ्याचा धक्का लागला किंवा किल्लीच्या जुडग्याचे वजन पडले तरी चालत्या मोटारीचे इंजिन बंद पडे. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग आणि ब्रेकचे साहाय्य जाई आणि नेमक्या धडकेच्या क्षणी एअरबॅग उघडत नसे. कंपनीतल्या लोकांना ही बाब वर्षानुवर्षे माहीत होती. २००६ साली सुधारित भाग गुपचूप बसवण्यात आला. पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवला. त्यामुळे जुना सदोष आणि नवा सुधारित असा भेद बाहेरच्या कुणाच्या लक्षात येऊ नये, अशी चोख व्यवस्था झाली. हे बिंग सरकारने फोडले नाही. जॉर्जिया राज्यातील एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी आणि त्यांच्या वकिलाने सुटे स्विच विकत आणून, खोलून, त्यांची तुलना करून ते उघडकीस आणले. त्यानंतर २६ लाख मोटारी परत बोलावल्या गेल्या, भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले, सुमारे ५९ कोटी ४० लाख डॉलर पीडितांना वाटले गेले आणि सरकारजमा ९० कोटी डॉलर भरावे लागले ते निराळेच. अमेरिकी संसदेतील चौकशीत पुढे आलेली त्या सुट्या भागाची किंमत होती सत्तावन्न सेंट, म्हणजे पाऊण डॉलरसुद्धा नाही!

याच जनरल मोटर्सने भारतात काय केले? २०१३ च्या जुलैत 'टवेरा' ही मोटार, २००५ पासून विकलेली, १ लाख १४ हजारांच्या संख्येने परत बोलावण्यात आली. कारण तपासणीसाठी पाठवायच्या मोटारींमध्ये उत्सर्जनाच्या मर्यादेत बसणारी निवडक इंजिने घालण्याचा उद्योग आतल्याच मंडळींनी चालवला होता. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या टुरिस्ट व्यावसायिकांनी कर्ज काढून घेतलेली ही मोटार. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. आपण काय घेतले होते आणि कोणत्या भावाने घेतले होते, हे त्या टवेराच्या मालकाने आता कोणाला विचारावे?

कायदा आहे, तो म्यानात आहे

'आपल्याकडे कायदाच नाही' ही दुसरी लोकप्रिय सबब. पूर्वी तीत तथ्य होते. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने मोटारी परत बोलावण्याची आचारसंहिता स्वीकारली, तेव्हा सक्तीची तरतूद नव्हती. आज ती सबब चालणार नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले. दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील अन्य लोकांना धोका असेल, तर सदोष मोटारी परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. त्यातली पुढची ओळ प्रत्येक मोटारमालकाने लक्षात ठेवावी अशी आहे : उत्पादकाने ग्राहकाला मोटारीची पूर्ण किंमत परत करावी, किंवा तशीच वा अधिक चांगली मोटार बदलून द्यावी, किंवा दोष दुरुस्त करून द्यावा. म्हणजे 'किंमत परत' हा शब्द अमेरिकेच्याच नव्हे, आपल्याही कायद्यात आहे. नियमभंगासाठी शंभर कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचीही तरतूद त्याच दुरुस्तीने केली.

मग घोडे अडते कुठे? ते नियमांत अडते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील वाहनांचाच विचार होतो आणि सरकारी चाक फिरू लागण्यासाठी तक्रारींची एक किमान संख्या भरावी लागते. हजारोंनी खपणाऱ्या मोटारींच्या बाबतीत ती हजाराच्या घरात जाते. म्हणजे ब्रेक निकामी झाल्याची तक्रार शंभर कुटुंबांनी केली तरी कोष्टकाच्या दृष्टीने ते अल्पमतातच! शिवाय सक्तीने परत बोलावण्याच्या प्रकरणात नियमांनी ठेवलेला दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. ज्या कंपनीची दिवसाची उलाढाल कोटींत मोजली जाते, तिला एक कोटीचा धाक दाखवणे म्हणजे हत्तीला काडीने हाकण्यासारखे आहे. आणि उत्पादकाने स्वतःहून मोटारी परत बोलावल्या तर दंड अजिबात नाही. दोष कळताच तत्परतेने पुढे येणाऱ्याला सवलत द्यावी, हे योग्यच. पण पाच वर्षे दोष दडवून, बोभाटा होण्याच्या आदल्या दिवशी 'स्वेच्छेने' पुढे येणाऱ्यालाही तीच सवलत का? कंपनीला दोष केव्हा कळला, हा प्रश्न या साऱ्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असायला हवा. आज तो परिघावरही दिसत नाही.

सरकार आपले असो वा परके, प्रश्न विचारलेच पाहिजेत. कलम ११०-अ खाली केंद्र सरकारने आजवर स्वतःहून किती आदेश काढले, किती ग्राहकांना पूर्ण किंमत परत मिळवून दिली, याचा हिशेब परिवहन मंत्रालयाने जनतेपुढे मांडावा. शस्त्र म्यानातच ठेवायचे असेल, तर ते घडवण्याचा खटाटोप कशासाठी?

ग्राहक पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे

दुसरे शस्त्र ग्राहक संरक्षण कायद्याचे. १९८६ च्या मूळ कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या जुलैत तो अमलात आला. त्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष रचनेमुळे वा निर्मितीमुळे हानी झाली, तर उत्पादक जबाबदार. स्पष्ट शब्दांत हमी दिलेली असेल, तर ती देताना आपण निष्काळजी नव्हतो, हा बचावही त्याला पुरत नाही.

न्यायालयाची दृष्टी कशी आहे, हे सांगणारा एक निकाल मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. २०१५ साली दिल्लीतील एका ग्राहकाने ह्युंदाई कंपनीची 'क्रेटा' घेतली. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत आणि डोक्याला, छातीला व दातांना इजा झाली. कंपनीचा युक्तिवाद असा की, समोरून पुरेशा जोराची धडक बसली नव्हती, म्हणून त्या उघडल्या नाहीत. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि अखेर २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी कंपनी हरली. सर्वोच्च न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, एअरबॅग आहे म्हणून मोटार घेणारा ग्राहक वेग आणि बल यांची गणिते मांडणारा पदार्थविज्ञानाचा पंडित असावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. सुरक्षेच्या अशा त्रुटीसाठी जरब बसेल अशी दंडात्मक भरपाईही देता येते. कंपनीला नुकसानभरपाईबरोबर मोटारही बदलून द्यावी लागली.

या निकालाचे स्वागत करताना दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. एका माणसाला न्याय मिळण्यास अपघातापासून जवळजवळ साडेचार वर्षे लागली. कायदा म्हणतो, तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. पण आयोगांवर सदस्यच नेमले जात नसतील तर निकाल कोण देणार? २०२१ साली रिक्त पदांच्या प्रश्नाची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, हे कोणत्याही राज्य सरकारला भूषणावह नाही.

आणखी एक सावधगिरी. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या मोटारीच्या नावाखाली जुन्या सालची मोटार विकली गेल्याचे प्रकरण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. तिथे उत्पादक कंपनी सुटली. विक्रेत्याने केलेल्या कृत्याची उत्पादकाला माहिती होती, हे तक्रारीत नीट मांडलेले आणि सिद्ध केलेले नव्हते, हे त्याचे कारण. तेव्हा लढाईचा खरा बिंदू 'माहिती' हाच आहे. कंपनीला ठाऊक होते, हे दाखवता आले की तिचे पळवाटेचे दरवाजे बंद होतात. आणि ते दाखवायचे तर एकट्याची मोटार पुरत नाही. एका मोटारीतला बिघाड हा योगायोग ठरतो. त्याच सालच्या, त्याच प्रकारच्या पन्नास मोटारींतला तोच बिघाड हा पुरावा ठरतो.

एकट्याची कुरकुर आणि संघटितांचा आवाज

इथेच आपल्या मध्यमवर्गाचा कच्चा दुवा आहे. मोटार बिघडली की आपण काय करतो? कार्यशाळेत जातो, ओळखीच्या व्यवस्थापकाला गाठतो, थोडी सूट पदरात पाडून घेतो आणि 'जाऊ द्या, कुठे कोर्टकचेऱ्या करता' म्हणून घरी येतो. कंपनीला नेमके हेच हवे असते. कित्येकदा ती ज्ञात दोषाला 'सर्व्हिस कॅम्पेन' असे गोंडस नाव देऊन, तक्रार करणाऱ्यापुरता भाग बदलून देते. जो बोलला त्याचे काम झाले, जो बोलला नाही तो त्याच सदोष मोटारीत मुलाबाळांना घेऊन गावी निघाला. आपल्यापुरती सूट घेऊन गप्प बसणे हा व्यवहारचातुर्याचा विजय नाही. अनोळखी कुटुंबाच्या सुरक्षिततेचा तो आपण केलेला सौदा आहे. ज्याला समाज आपला वाटतो, त्याला हा सौदा परवडत नाही.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. कै. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. ग्राहकाने दयेची याचना करू नये, संघटित व्हावे आणि अर्थव्यवस्थेत आपले स्थान हक्काने घ्यावे, हा त्या कार्यामागचा विचार होता. १९७५ साली उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत हजारो कुटुंबांनी गट करून डाळ-तांदूळ-साखर एकत्रित खरेदी केली आणि नफेखोरीला उत्तर दिले. १९८६ चा कायदा झाला तो अशा चळवळींनी वर्षानुवर्षे जमीन नांगरून ठेवली म्हणून. ज्या समाजाने डाळ-तांदळासाठी एकजूट केली, त्याने घरानंतरच्या सर्वांत मोठ्या खरेदीबाबत एकेकटे राहावे, याला काय म्हणावे?

यावर उद्योगजगताचा आक्षेप ठरलेला आहे : असे दावे सुरू झाले तर उद्योगावर बोजा पडेल, मोटारी महागतील, रोजगार जातील. आणि अलीकडे त्यात भर असते देशी उद्योगाच्या हिताची. त्याला स्वच्छ उत्तर दिले पाहिजे. दोषाचा खर्च कोणीतरी सोसतोच. प्रश्न इतकाच की तो दोष करणाऱ्याने सोसायचा की ज्याच्या मोटारीने पेट घेतला त्याने. स्वदेशीचा आग्रह म्हणजे आपल्या माणसाने आपल्याच माणसाला निकृष्ट माल विकण्याचा परवाना नव्हे. उलट, देशी कारखानदाराकडून आपली अपेक्षा अधिक आहे. कारण त्याच्या मालावर देशाचे नाव लागते. भारतात बनलेल्या मोटारी आज परदेशी बंदरांवर उतरतात. तिथल्या ग्राहकासाठी एक कसोटी आणि घरच्या ग्राहकासाठी दुसरी, ही वृत्ती विदेशी कंपनीत जितकी निंद्य तितकीच देशी कंपनीतही.

काय करता येईल?

केवळ संताप व्यक्त करून थांबणे हा आपला मार्ग नव्हे. प्रत्येक मोटारमालकाने कार्यशाळेतील प्रत्येक फेरीचे जॉब कार्ड जपून ठेवावे आणि त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. 'जनरल चेकअप' एवढेच लिहू देऊ नये. कारण उद्या तोच कागद कंपनीच्या बाजूने बोलेल. तोंडी आश्वासनावर न विसंबता कंपनीला लेखी पत्र पाठवावे; पत्र पोहोचल्याच्या तारखेपासून 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय संपते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर आणि परिवहन मंत्रालयाकडेही नोंद करावी. किमान संख्येचे कोष्टक आपल्या आळसामुळे अपुरे राहता कामा नये.

ग्राहक आयोगाची पायरी आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, आपण राहतो त्या ठिकाणीच ती दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. 'बघू पुढे' म्हणणाऱ्याचा दावा मुदतबाह्य होतो. दोष तज्ज्ञाकडून तपासून घेण्यासाठी आयोगाला प्रयोगशाळेची मदत घेता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ३५ (१) (क). एकाच प्रकारच्या हितासाठी अनेक ग्राहकांच्या वतीने एक वा अधिक ग्राहक आयोगाच्या अनुमतीने सामूहिक तक्रार करू शकतात. मात्र सर्वांचे गाऱ्हाणे समान आहे हे तक्रारीत काटेकोरपणे मांडावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात बजावले आहे. हे एकट्याचे काम नव्हे. ते आपल्या वस्तीतील वकील, अभियंते, निवृत्त अधिकारी आणि ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते यांनी मिळून करण्याचे काम आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही जाब विचारला पाहिजे. २०२० साली स्थापन झालेल्या या प्राधिकरणाला धोकादायक माल परत घेऊन किंमत परत करण्याचा आदेश देता येतो. २०२२ साली प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरांबाबत ऑनलाईन विक्रेत्यांना त्याने तसे आदेश दिले. ही कारवाई स्तुत्य होती. पण दोन हजारांच्या कुकरासाठी जागे होणाऱ्या यंत्रणेने दहा लाखांच्या मोटारीपुढे डोळे मिटू नयेत, एवढीच ग्राहकाची अपेक्षा आहे.

आणि सरकारकडे तीन मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. दोष प्रथम केव्हा कळला, ही तारीख शपथेवर जाहीर करणे प्रत्येक उत्पादकावर बंधनकारक करावे आणि दडवल्याच्या प्रत्येक महिन्यागणिक दंड वाढावा. जीविताला धोका असलेल्या दोषांसाठी तक्रारींच्या किमान संख्येची अट काढून टाकावी. आणि एखाद्या कंपनीने परदेशात ज्या दोषासाठी ग्राहकांना पैसे मोजले, त्याच दोषासाठी भारतीय ग्राहकाला निदान तेवढ्याच प्रमाणात भरपाई देण्याची सक्ती करावी.

१९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींतील धोक्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा जनरल मोटर्सने त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीस आल्यावर कंपनीच्या अध्यक्षांना संसदीय समितीपुढे क्षमा मागावी लागली, त्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, आणि १९७० साली नेडरच्या खटल्यात कंपनीला सव्वाचार लाख डॉलर मोजावे लागले. नेडरने तो पैसा ग्राहकांच्याच कामाला लावला. एवढ्या बलाढ्य कंपनीला एका माणसाची भीती वाटली, ती त्याच्या मागे समाज उभा राहील या शंकेने. भारतातल्या मोटार कंपन्यांना अशी भीती अद्याप वाटत नाही. ती वाटावी असे वागणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.